रंग वाळेपर्यंत: ठाणे ते नेरूळ, चार दिवस

कणकवलीचं तिकीट वेटिंग ८४ वर होतं आणि शेवटपर्यंत ते ७९ च्या खाली काही उतरलं नाही. १२० दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात घेऊन बसलो होतो. आठ वाजून दोन मिनिटांनी मे महिन्याची गाडी भरून गेलेली. रजा मात्र मंजूर झाली होती. १७ मेचा शुक्रवार, मग शनिवार-रविवार, आणि सोमवारी, २० मे २०२४ ला, ठाण्यात लोकसभेचं मतदान, म्हणजे तीही सुट्टी. सलग चार दिवस घरात बसून पोरांना सांभाळायचं म्हटल्यावर आम्ही दोघंही हादरलो.

"मग खोली रंगवायला काढू," बायको म्हणाली.

पोरांच्या खोलीची एक भिंत गेली दोन वर्षं ओल धरून होती. वरच्या बाथरूमचं पाणी पाझरत होतं. मार्चमध्ये वरच्यांनी लाद्यांचे सांधे भरून घेतले, पाझर थांबला, पण भिंतीला लोणा लागला तो लागलाच. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच फुलतात आणि रंगाला आतून ढकलतात. मग पोपडे, आणि पोपड्याखाली पांढरी भुकटी. आमचा गोट्या सव्वा वर्षाचा. तो रोज सकाळी त्या भिंतीला धरून उभा राहायचा आणि पोपडे काढून तोंडात घालायचा. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि "आपणच करू की" असं एकदमच म्हणालो. खोली दहा बाय नऊची. त्यात काय एवढं!

धुळीत आणि वासात पोरांना ठेवता येणार नव्हतं, म्हणून मुक्काम नेरूळला, माझ्या सासुरवाडीत. अंतर वीसेक किलोमीटर. पोरं तिकडे ठेवायची, आमच्यापैकी एकाने आळीपाळीने ठाण्याला येऊन काम करायचं, दुसऱ्याने पोरांना फिरवून आणायचं. कुठे किती वाजता जायचं ते पुट्टीच्या गोणीवर छापलेलंच होतं: पहिला हात, वाळायला इतके तास, दुसरा हात.

दिवस पहिला, शुक्रवार

चार माणसं, सात पिशव्या. त्यातल्या चार एकट्या गोट्याच्या. डायपर, नाचणी सत्त्वाचा डबा, वाटी-चमचा आणि ती आजीच्या साडीची गोधडी, जिच्याशिवाय साहेबांना झोप येत नाही. नौपाड्यातून स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, पण एवढ्या बोजासकट रिक्षाच करावी लागली. "गावाला का?" रिक्षावाल्याने विचारलं. "नेरूळला" म्हटल्यावर त्याने आरशातून आम्हाला नीट बघून घेतलं.

फलाट क्रमांक नऊपर्यंतचा जिना चिऊने कुरकुर न करता चढावा म्हणून तिला गोष्ट सांगत होतो. चिऊ साडेचार वर्षांची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती इथेच, आपल्या ठाण्यात येऊन थांबली. १४ डबे होते आणि ते ओढायला तीन इंजिनं लागली. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान.

"तीन का?"

"ओझं होतं ना."

तिने आमच्या पिशव्यांकडे बघितलं आणि मोठ्या तीन पिशव्यांना तिथल्या तिथे नावं देऊन टाकली. निळी साहिब, चौकड्याची सिंध, आणि चाकवाली लाल बॅग सुलतान. पुढचे चार दिवस घरात "डायपर सिंधमध्ये आहेत" अशीच भाषा चालू होती.

गाडी सुटली, खाडी ओलांडली, दिघा गाव आलं. हे स्टेशन नवीन, जानेवारीतच सुरू झालेलं. "गोट्यापेक्षाही लहान आहे," मी म्हटलं. चिऊने फलाटाकडे बारकाईने बघितलं. "मग ते रांगतं का?" यावर समोरच्या बाकावरच्या बाई इतक्या हसल्या की गोट्याही हसायला लागला. मग ऐरोली, रबाळे, घणसोली. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि एमआयडीसीच्या शेड, उजव्या हाताला इमारती. चिऊचं लक्ष मात्र फक्त रुळांमधल्या गवतात चरणाऱ्या शेळ्यांवर. तिने एकूण अकरा मोजल्या. मला एकही दिसली नव्हती.

कोपरखैरणे गेल्यावर बायको म्हणाली, "ही वाशी गाडी आहे."

ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्या तुर्भ्यापुढे दोन वाटांनी जातात. एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरी जुईनगर-नेरूळकडे. फलाटावर गाडी उभी दिसली की माणूस पळत सुटतो, पाटी कोण वाचतो. तुर्भ्याला उतरलो. साहिब, सिंध, सुलतान, चार किरकोळ पिशव्या, एक झोपलेलं बाळ आणि "मला शू आली" असं जाहीर करणारी मुलगी. पुढच्या गाडीला सतरा मिनिटं होती. त्या सतरा मिनिटांबद्दल मी काही लिहिणार नाही.

नेरूळला सासू-सासरे, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या वसाहतीत तळमजल्यावर राहतात. दारात जास्वंद, मागे कढीपत्ता. अप्पा, म्हणजे सासरे, पूर्वी एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर होते. नवी मुंबईत भिंती कशा उभ्या राहिल्या हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मी खोली रंगवायला काढलीय हे कळल्यावर त्यांना आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम झालं.

"जावईबापू, भिंत वाळलीय का?"

"हात लावला तर कोरडी लागते, अप्पा."

"हाताला काय कळतंय?" त्यांनी कपाटातून जाड प्लास्टिकची पिशवी काढली, कात्रीने वीतभर चौकोन कापले. "खरवडून झालं की ओलीच्या जागी हा चिकटवा. चारही कडा टेपने बंद. एक दिवस थांबायचं. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतच आहे. मग तिथे पुट्टी नाही. काही नाही."

जेवून मी एकटा ठाण्याला परत आलो. नाकाला रुमाल, हातात पत्रा, आणि खरवडायला सुरुवात. वरचा क्रीम रंग हाताच्या आकाराच्या पापुद्र्यांनी सुटून आला. त्याखाली फिकट हिरवा. त्याखाली निळीचा चुना. आमच्या आधी या घरात दोन कुटुंबं राहून गेली. त्यांच्यापैकी कुणाचा हिरवा नि कुणाचा निळा, देव जाणे. दाराच्या चौकटीला लागून, निळ्या चुन्यावर, शिसपेन्सिलने बारीक अक्षरात दुधाचा हिशोब होता. "सोम १, मंगळ १, बुध १॥, गुरु नाही, शुक्र २". बुधवारी दीड का, आणि गुरुवारी भैया आला नाही की पाहुणे गेले? शुक्रवारी दोन म्हणजे खीर असावी. मी पत्रा खाली ठेवून तिथे बराच वेळ उकिडवा बसलो होतो. मग त्या वीतभर जागेला सोडून बाकी सगळं खरवडलं.

अप्पांचे चौकोन दोन ठिकाणी चिकटवले. एक खिडकीशेजारी, एक बाथरूमच्या बाजूच्या कोपऱ्यात. रात्री दहाच्या गाडीने नेरूळ. केसांत इतका चुना की गोट्याने मला ओळखायला नकार दिला.

दिवस दुसरा, शनिवार

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला कधी जायचं हे अप्पांनी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं, तेही मोबाइल न बघता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "उद्या दशमी. तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती."

हा हिशोब कोकणात होड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. घड्याळाशी ताडून बघितलं तर थोडं मागेपुढे होतं, पण पोरांना उठवून न्यायला पुरेसं आहे. भरतीच कशाला हवी, तर ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि हे पक्षी तिकडे पांगून चरत असतात, पार लांब. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की ते काठावरच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या वेळी आपण त्यांच्या घरी जायचं. दुपारी दोनला पाहुणे यावेत तसं.

डीपीएस शाळेजवळचा तलाव आम्हाला जवळ, पण तिथे भरतीचं पाणी शिरायची वाट बंद झाली होती आणि यंदा तो कोरडा पडला होता. म्हणून पाम बीच रस्त्यापलीकडे, चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर गेलो. पावणेसातला रिक्षातून उतरलो तेव्हा हवेत खारट, कुजकट वास आणि समोर राखाडी पाणी. पलीकडच्या कडेला कुणीतरी गुलाबी खडूने आडवी रेघ ओढल्यासारखं दिसत होतं.

"ते पक्षी?" चिऊचा चेहरा पडला. तिला हातभर अंतरावर हवे होते.

मग ती रेघ हलली. दहा मिनिटांत भरतीबरोबर एकेक तुकडी आमच्या बाजूला सरकू लागली आणि आवाज यायला लागला. मला वाटायचं एवढा देखणा पक्षी गोड काहीतरी गात असेल. कसलं काय! सकाळच्या भाजी मंडईतला गलका, तोही घसा बसलेल्या माणसांचा.

तिथे एक आजोबा दुर्बीण घेऊन उभे होते. त्यांनी न विचारताच ती चिऊच्या डोळ्यांना लावली, दोन्ही हातांनी धरून, आपण गुडघ्यावर बसून. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्यांचे गुडघे उलटे आहेत."

"तो गुडघा नाही बाळा, घोटा आहे," आजोबा म्हणाले. "गुडघा वर, पिसांत लपलेला."

मी छत्तीस वर्षांचा झालो, मलाही हे माहीत नव्हतं. चिऊने दुर्बीण परत दिली, एका पायावर उभं राहायचा प्रयत्न केला, पडली, उठली, मग पाय फाकवून कमरेत वाकून दोन पायांमधून उलट्या डोक्याने तळ्याकडे बघायला लागली. कारण ते पक्षी खाताना तसंच डोकं उलटं करतात, चोच पाण्यात आडवी फिरवून चिखल गाळतात. "असं बघितलं की आकाश खाली आहे," तिने कळवलं. मीही बघितलं. अप्पांनी बघायला नकार दिला, कंबर.

गुलाबी थव्यात मधूनच काही पक्षी मळकट राखाडी होते. ते का तसे? ते लहान आहेत. जन्मतात तेव्हा राखाडीच असतात, मग शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन गुलाबी होतात. जो रंग गाजरात असतो त्याच्याच जातीचा रंग त्या खाण्यात असतो. ही माहिती देताना माझ्या डोक्यात काही नव्हतं. दुपारी सासूबाईंनी मात्र तिला गाजराची अख्खी कोशिंबीर खायला घातली, आणि ती दर घासाला आपला दंड तपासत होती.

गोट्याने हे सगळं सोडून पूर्ण वेळ एका कुत्र्याकडे बघितलं. काठावर एक पाटी आहे, ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्याबद्दल त्याला काही वाचून दाखवावं म्हटलं, २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आलं वगैरे. पण कुत्रा खाजवत होता आणि ते जास्त महत्त्वाचं होतं.

दुपारी एकटा ठाण्याला. आधी चौकोन बघितले. खिडकीजवळचा कोरडा ठणठणीत. कोपऱ्यातल्या चौकोनाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक थेंब, उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्यावर असतात तसे. अप्पांना फोन केला. "मग तेवढा भाग उघडा ठेवा," ते म्हणाले, आणि जिंकलेल्या माणसाचा आवाज काढायचा मोह त्यांनी टाळला.

पुट्टीबद्दल दोन गोष्टी, कारण मला कुणी सांगितल्या नव्हत्या. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग भुकटी. मी उलटं केलं, गुठळ्या झाल्या. आणि एकदम जास्त कालवायची नाही. मी "एकदाच काम" म्हणून भलीमोठी बादली कालवली, मध्ये चहा प्यायला गेलो, कोपऱ्यावर एक ओळखीचे भेटले, निवडणुकीवर गप्पा झाल्या. परत आलो तोवर तळाची पुट्टी दगड. ती बादली अजून गच्चीवर आहे. आईने तिच्यात तुळस लावायची म्हटलंय, पण भोक कसं पाडायचं?

पहिला हात चारला संपला. दुसरा हात रात्री नऊशिवाय नाही. पाच तास. मला काही सुचेना. घरात कुणी रडत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. मी चालत तलावपाळीला गेलो, भेळ घेतली, कठड्यावर बसलो आणि मासुंदा तलावातल्या होड्या बघत राहिलो. शेजारी कोपिनेश्वराची घंटा वाजत होती. दीड तास मी काहीही केलं नाही. गेल्या सव्वा वर्षात असा दीड तास मला मिळाला नव्हता, हे मला उठताना कळलं. नेरूळहून दोनदा व्हिडिओ कॉल आला. एकदा उचलला. दुसऱ्यांदा हात पुट्टीचे असल्याचं सांगितलं. हात भेळेचे होते.

दुसरा हात संपायला साडेअकरा वाजले. शेवटची गाडी गाठायची धावपळ नको म्हणून हॉलमध्ये सतरंजीवर आडवा झालो. जाग आली तेव्हा पावणेआठ वाजले होते. सव्वाआठ तास. मध्ये एकदाही उठलो नव्हतो.

दिवस तिसरा, रविवार, एकादशी

नेरूळला पोचलो तेव्हा बायकोने दार उघडलं. रात्री गोट्या तीनदा उठला होता, हे तिच्या डोळ्यांखाली लिहिलेलं होतं. तिने माझा चेहरा बघितला.

"तू झोपलास."

"पुट्टी वाळायची..."

"किती तास?"

मी खोटं बोललो, सहा सांगितले. तिने आत जाऊन सुलतान उचलून आणली. "घासायला आणि प्रायमरला मी जाते. मुक्कामी. दुधाच्या बाटल्या सिंधमध्ये आहेत." तोंडात साबुदाण्याची खिचडी तशीच, ती गेली सुद्धा. फाटक लावताना ती चक्क गुणगुणत होती.

मग मी, अप्पा आणि दोन पोरं, उरणच्या गाडीत. रविवार म्हणजे मेगाब्लॉकची धास्ती, पण ही गाडी चालू होती. नेरूळ ते खारकोपर २०१८ पासून होती, पुढे उरणपर्यंतची १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. अटल सेतू, दिघा गाव आणि हे, सगळं एकाच दिवशी. डबा रिकामा, वारा मोकळा, बाहेर खारफुटी. बामणडोंगरी हे नाव चिऊला इतकं आवडलं की ते स्टेशन गेल्यावरही ती उरणपर्यंत "पुढील स्टेशन बामणडोंगरी" असंच म्हणत राहिली.

अप्पा खिडकीबाहेर बोट दाखवत होते. इथे भातशेती, इथे मिठागरं, तो उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापला. आणि त्या बाजूला जासई. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोने घेतलेल्या जमिनीचा मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं.

"म्हणजे किती?" चिऊने विचारलं. तिला टक्के येत नाहीत.

अप्पांनी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली. एकादशीचा फराळ. मांडीवर कागद पसरला आणि चिक्की मोडली: अर्धी, मग पाव, मग आठ तुकडे. एक तिच्या हातावर ठेवला. "एवढी."

तिने तळहातावरचा तुकडा बघितला, कागदावरचे सात बघितले. "ते सात कुणाचे?"

अप्पा काही बोलले नाहीत. आयुष्यभर त्या साताच्या बांधकामावरच त्यांनी हजेरीपट भरले होते. थोड्या वेळाने त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला, तर ती म्हणाली, "नको. मला एकच." आणि तो एक तिने उरण येईपर्यंत पुरवला.

पीरवाडीचा किनारा आम्ही बघितला असं म्हणता येईल. अकरा वाजता, मेच्या उन्हात, वाळूवर पाय ठेवता येत नव्हता. ही चूक शंभर टक्के माझी. लिंबू सरबत, एक शिंपला, परत रिक्षा.

परतीच्या गाडीत गोट्याने डायपरबाहेर जे काही केलं त्याचं वर्णन उपासाच्या दिवशी नको. ओले रुमाल सुलतानमध्ये, सुलतान ठाण्याला. मी उभाच राहिलो, बाळाला हवेत धरून. समोर टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीण मावशीने काही न बोलता आपली पाण्याची बाटली दिली, टोपलीवरचं धुतलेलं फडकं फाडून दिलं, आणि मी कसाबसा निस्तरत असताना अप्पांना विचारलं, "पोराची आई कुठंय?"

"घर रंगवतेय," अप्पा म्हणाले.

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरंय की तिचं."

रात्री बायकोचा एक फोटो आला. वर्तमानपत्रावर पसरलेले दोन पाय, शेजारी चहाचा कप, मागे पांढरी भिंत. "प्रायमर झाला. फोन बंद करते, चार्जिंग संपतंय." चार्जर सुलतानमध्ये होता. सुलतान तिच्याजवळच होती. मी काही लिहिलं नाही. बारा, दोन आणि पावणेपाचला गोट्या उठला. प्रत्येक वेळी सासूबाई खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि मी "आई, तुम्ही झोपा, मी बघतो" म्हणालो, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी त्याला माझ्याकडून काढूनच घेतलं.

दिवस चौथा, सोमवार

सकाळची गाडी, या वेळी पाटी दोनदा वाचून. ठाण्यात घरी पोचलो तर बायको ताजीतवानी, केसांत प्रायमर, आणि आल्या आल्या दोन्ही पोरांना इतके पापे की चिऊच वैतागली. "किती झोपलीस?" मी हळूच विचारलं. "सहा तास," ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत बघून.

खोलीत पहिला हात मारून मतदानाला. बाकी तीन भिंती पांढऱ्या आणि एक पिवळी. रंग चिऊने निवडलेला. दुकानात तिच्यासमोर शेडकार्ड धरलं होतं, त्यातल्या शेकडो छटा बाजूला सारून तिने थेट विचारलं होतं, "जेसीबीचा कुठला?" दुकानदाराने मान डोलावली आणि मशिनमधून बरोबर तो काढून दिला. डब्यात बघितला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. भिंतीवर लागल्यावर तर खोलीत कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं.

मतदानाची रांग शाळेच्या मैदानाला वळसा घालून रस्त्यापर्यंत. ऊन रणरणतं. मोबाइल आत न्यायचा नाही, म्हणून एक बाहेर पोरं आणि मोबाइल घेऊन, एक रांगेत, इथेही आळीपाळीच. मला दीड तास लागला. शाई लावणाऱ्या बाईंनी माझं बोट हातात घेतलं, उलटसुलट केलं. नखाच्या कडेला पिवळा रंग सुकला होता. "हे काय?"

"जेसीबी," मी म्हणालो. मागचा माणूस हसला, त्या हसल्या नाहीत. पिवळ्याच्या शेजारी काळी रेघ ओढली.

चार तासांनी दुसरा हात. चिऊला रोलर दिला, तिने तिच्या उंचीइतका पट्टा रंगवला आणि दमून बसली. दाराजवळचा दुधाचा हिशोब आम्ही तसाच ठेवला. भोवती टेप लावून कडा सरळ काढल्या. बायको म्हणाली, खाली आपला पण लिहू, सोम तीन, दोन पोरं आहेत. कोपऱ्यातला ओला भाग मात्र उघडा, सिमेंट दिसतंय, साधारण रायगड जिल्ह्यासारखा आकार. त्यावर नवीन प्लास्टिक चिकटवलंय. पावसाळा संपेपर्यंत तिथे काही करायचं नाही, अप्पांचा हुकूम आहे. खाली कपाट सरकवलं म्हणजे गोट्याचा हात पोचत नाही.

रात्री हॉलमध्ये चौघं ओळीने झोपलो. गोट्या दोनदा उठला. दोन्ही वेळा आम्ही दोघंही झोपल्याचं सोंग घेऊन पडून होतो, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मंगळवारी ऑफिसात दुपारी बातमी बघितली. आदल्या रात्री घाटकोपरजवळ, मुंबईत उतरणारं विमान रोहितांच्या थव्यावर आदळलं होतं. तीसहून जास्त पक्षी मेले. फोटोत पंख होते, वस्तीत इकडेतिकडे पडलेले. बायकोनेही बघितली होती. तिने मला ती पाठवली नाही, मीही तिला पाठवली नाही. घरी आलो तेव्हा तिने फक्त मान हलवली, चिऊला सांगायचं नाही असं.

चिऊ कपाटावर चढून भिंतीला नाक लावून उभी होती. प्लास्टिकच्या आतले थेंब मोजत होती. काल रात्रीपासून तिला ते काम लागलंय, दात घासायच्या आधी आणि जेवायच्या आधी.

"किती?" मी विचारलं.

"थांब ना, बाबा. हलतात ते." तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.